नाव सांगा, सर्व्हर ताब्यात घ्या!

एखाद्या कंपनीचे पन्नास संगणक एकाच वेळी बंद पाडायचे असतील तर त्या पन्नास संगणकांत शिरावे लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आजच्या संगणक-केंद्रांत ती खरी ठरत नाही. ते पन्नासही संगणक ज्या मोजक्या यंत्रांच्या पोटात चालतात, त्या यंत्रांची मालकी मिळाली की काम भागते. या मालकीसाठी त्या यंत्राचा पासवर्ड फोडण्याचीही गरज नव्हती, नेटवर्कमध्ये एका ठराविक नावाचा गट तयार करणे पुरेसे होते, असे मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा संशोधकांनी २९ जुलै २०२४ रोजी जाहीर केले. गटाचे नाव होते 'ईएसएक्स ॲडमिन्स'. गट निर्माण करणारी एक आज्ञा आणि त्यात आपल्या पसंतीचा सदस्य घालणारी दुसरी, अशा दोन ओळींत हल्लेखोराचे काम संपत होते.

हा दोष होता व्हीएमवेअर कंपनीच्या 'ईएसएक्सआय' या सॉफ्टवेअरमध्ये. सुरक्षा-दोषांच्या जागतिक नोंदवहीत त्याला 'सीव्हीई-२०२४-३७०८५' हा क्रमांक मिळाला. ईएसएक्सआय हे नाव सामान्य वाचकाच्या कानावरून क्वचितच गेले असेल. मात्र सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनच्या व्यवसायात हे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले आहे. बँका, रुग्णालये, कारखाने, सरकारी खाती अशा अनेक ठिकाणी पडद्यामागे हेच राबत असते.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर विकत घेतला जाई. ई-मेलचा एक, हिशेबाचा एक, फायली ठेवण्याचा आणखी एक. यांतला प्रत्येक सर्व्हर दिवसाचा बराच वेळ रिकामा बसून वीज खात असे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर जो मार्ग बाजारात रुळवला तो व्हर्च्युअलायझेशनचा. एका शक्तिशाली यंत्रावर 'हायपरवायझर' नावाचे सॉफ्टवेअर बसवायचे आणि त्याने त्या यंत्राचा प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांची वाटणी करून अनेक आभासी संगणक चालवायचे, अशी ही योजना. प्रत्येक आभासी संगणकाला आपण स्वतंत्र यंत्रावर असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याची अख्खी हार्डडिस्क म्हणजे हायपरवायझरच्या साठ्यातील एक मोठी फाइल असते.

आभासी संगणकाची डिस्क ही एक फाइल असल्यामुळे तो संगणक दुसऱ्या यंत्रावर हलवता येतो, त्याची प्रत काढता येते, बिघडल्यास जुन्या प्रतीवरून उभा करता येतो. व्हर्च्युअलायझेशनचे सारे कौतुक या सोयीत आहे आणि त्याचा धोकाही तिथेच आहे. हायपरवायझरवर ज्याचा ताबा, त्याच्या हाती त्या साऱ्या फायली. त्याने त्या कूटबद्ध केल्या, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचताच येणार नाहीत अशा करून टाकल्या, की आतले सर्व संगणक एकदमच मुके होतात. आतील विंडोजवर किंवा लिनक्सवर कितीही उत्तम विषाणूरोधक सॉफ्टवेअर असले तरी त्याला काही करता येत नाही, कारण हल्ला त्याच्या पायाखालच्या जमिनीवर झालेला असतो.

दोष नेमका कोठे होता

मोठ्या कार्यालयांत कोणाला कोणते अधिकार आहेत याची नोंद प्रत्येक यंत्रावर वेगवेगळी ठेवणे शक्य नसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' ही मध्यवर्ती नोंदवही वापरली जाते. विंडोज २००० बरोबर आलेल्या या व्यवस्थेत कर्मचाऱ्यांची खाती असतात, खात्यांचे गट असतात आणि गटांना अधिकार असतात. नोंदवहीच्या अखत्यारीत येणाऱ्या साऱ्या क्षेत्राला 'डोमेन' म्हणतात. कर्मचारी सकाळी कार्यालयात येऊन ज्या नाव-पासवर्डने संगणक उघडतो, त्याची खातरजमा करणारे ॲक्टिव्ह डिरेक्टरीच असते.

ईएसएक्सआयलाही या डोमेनमध्ये सामील करून घेता येते. तशी सोय २०१० मध्ये आलेल्या व्हीस्फिअर ४.१ या आवृत्तीपासून मिळाली. व्यवस्थापकाला हायपरवायझरसाठी वेगळा पासवर्ड लक्षात ठेवावा लागू नये, हा तिचा हेतू. या सोयीसोबत एक गृहीतकही आले. डोमेनमध्ये 'ईएसएक्स ॲडमिन्स' नावाचा गट असेल तर त्याच्या सदस्यांना हायपरवायझरचे संपूर्ण अधिकार आपोआप द्यायचे, असे सॉफ्टवेअरमध्येच लिहून ठेवलेले होते. ही गोष्ट लपवलेली नव्हती. ती सोय म्हणूनच दिलेली होती.

मात्र ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हा गट मुळात अस्तित्वातच नसतो. कोणी मुद्दाम तयार केला तरच तो असतो. हायपरवायझर डोमेनमध्ये सामील होताना असा गट आहे की नाही याची तपासणी करीत नव्हता. पुढे केव्हाही त्या नावाचा गट उगवला तरी तो त्याला मानत होता. तो कोणी, कधी आणि कशासाठी तयार केला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

सोसायटीच्या रखवालदाराला पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगून ठेवावे, की कार्यालयातील फळ्यावर 'देखरेख समिती' या मथळ्याखाली ज्यांची नावे दिसतील त्यांना सर्व खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या. समिती कधी नेमलीच गेली नाही. सांगणारा घर विकून निघून गेला. फळा कोरा राहिला आणि रखवालदार मात्र ती सूचना इमानेइतबारे पाळत बसला. मग एके दिवशी ज्याच्या हाती खडू आहे अशा कोणीही फळ्यावर मथळा लिहून त्याखाली आपले नाव लिहिले तर? येथे घडले ते असे.

खरे तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक गटाला त्याच्या नावापलीकडे एक सुरक्षा ओळख-क्रमांक असतो. बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार असले तरी खाते क्रमांक वेगळे असतात, तसा हा क्रमांक. गट पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केला तरी नव्या गटाला नवाच क्रमांक मिळतो. ईएसएक्सआय सदस्यत्व ठरवताना हा क्रमांक न पाहता केवळ नाव पाहत होता. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही खटकावी अशी ही गोष्ट जगातील एका अव्वल सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षे राहिली, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी या दोषाचा फायदा घेण्याचे तीन मार्ग नोंदवले. पहिला वर सांगितलेला, नवा गट निर्माण करण्याचा. दुसरा, आधीपासून असलेल्या एखाद्या गटाचे नाव बदलून 'ईएसएक्स ॲडमिन्स' करण्याचा. तिसरा मार्ग थोडा आडवळणाचा आहे. सावध व्यवस्थापकाने हायपरवायझरचा कारभार दुसऱ्या गटाकडे सोपवला, तरी जुन्या गटातील सदस्यांचे अधिकार तत्काळ रद्द होत नसत. त्या मधल्या काळात जुन्या नावाची पत टिकून राहत असे. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलेला आढळला तो पहिला मार्ग. तो इतका सोपा होता की इतरांकडे वळण्याचे कारणच नव्हते.

अभियांत्रिकी कंपनीवरील हल्ला

या दोषाचा वापर करणाऱ्या टोळ्यांत मायक्रोसॉफ्टने 'स्टॉर्म-०५०६', 'स्टॉर्म-११७५', 'ऑक्टो टेम्पेस्ट' आणि 'मॅनाटी टेम्पेस्ट' यांची नावे घेतली. ही नावे मायक्रोसॉफ्टने ठेवलेली आहेत, टोळ्या स्वतःला काय म्हणवतात हा भाग निराळा. अनेक प्रकरणांत शेवट 'अकिरा' किंवा 'ब्लॅक बास्टा' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने, म्हणजे रॅन्समवेअरने, झाला होता.

२०२४ मधील एका प्रकरणाचा तपशील मायक्रोसॉफ्टने दिला. उत्तर अमेरिकेतील एका अभियांत्रिकी कंपनीवर स्टॉर्म-०५०६ टोळीने ब्लॅक बास्टा सोडले होते. कंपनीचे नाव जाहीर करण्यात आले नाही. टोळीला आत शिरण्याची वाट मिळाली ती 'क्वॅकबॉट' या घातक सॉफ्टवेअरच्या लागणीतून. आत आल्यावर विंडोजमधील एका जुन्या दोषाचा आधार घेऊन तिने एका संगणकावरील आपले अधिकार वाढवले. या जुन्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२३ मध्येच दिलेली होती, पण ती तेथे बसवलेली नसावी. त्यानंतर 'कोबाल्ट स्ट्राइक' आणि 'पायपायकॅट्झ' ही साधने वापरून दोन डोमेन-व्यवस्थापकांच्या खात्यांची गुपिते चोरण्यात आली आणि त्यांच्या बळावर हल्लेखोर डोमेनच्या मध्यवर्ती सर्व्हरांपर्यंत पोहोचले. तेथे पुढेही शिरकाव करता यावा म्हणून त्यांनी आपली साधने पेरून ठेवली. विंडोजचे संरक्षक सॉफ्टवेअर चकवण्याचाही प्रयत्न केला.

एवढे झाल्यावर त्यांनी डोमेनमध्ये 'ईएसएक्स ॲडमिन्स' हा गट तयार केला आणि त्यात एक नवे खाते घातले. हायपरवायझरने त्या खात्याला मालक मानले. त्यावरील फायली कूटबद्ध झाल्या आणि आतील आभासी संगणक बंद पडले. हायपरवायझरबाहेरील संगणकांवरही त्याच वेळी हल्ला चढवण्यात आला. ज्या संगणकांवर मायक्रोसॉफ्टचे संरक्षक सॉफ्टवेअर नीट बसवलेले होते तेथे हा प्रयत्न अडवला गेला. मायक्रोसॉफ्ट आपल्या मालाची जाहिरात करण्याची संधी सोडणार नाही हे उघड आहे. तरीही या तपशिलातून दिसणारा फरक महत्त्वाचा आहे. साध्या संगणकांवर पहारा होता, तेथे हल्ला थोपवला गेला. हायपरवायझरवर तसा पहारा ठेवणे कठीण असते, तेथे तो यशस्वी झाला.

हायपरवायझर हे मुद्दाम आटोपशीर ठेवलेले सॉफ्टवेअर असते. त्यावर काय चालले आहे हे पाहणारी सुरक्षा-साधने कमी आहेत आणि जी आहेत त्यांची दृष्टी तोकडी आहे. खंडणीखोरांना हे ठाऊक आहे. ईएसएक्सआयशी संबंधित हल्ल्यांत मायक्रोसॉफ्टच्या आपत्कालीन पथकाला पाचारण करण्याचे प्रमाण २०२४ पूर्वीच्या तीन वर्षांत दुपटीहून अधिक झाल्याचे त्या कंपनीने सांगितले होते. ईएसएक्सआयच्या फायली कूटबद्ध करणारी अवजारे अकिरा, ब्लॅक बास्टा, बाबुक, लॉकबिट अशा अनेक टोळ्यांच्या भात्यात होती. बाबुकचा मूळ कोड २०२१ मध्ये फुटल्यामुळे ज्याला स्वतः काही लिहिता येत नाही त्यालाही अवजार आयते मिळाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर 'ईएसएक्सआयआर्ग्ज' नावाच्या हल्ल्याने काही दिवसांत जगभरातील हजारो हायपरवायझरना ग्रासले होते. त्या वेळी ज्या दोषाचा वापर झाल्याचे मानले गेले त्यावरील दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध झाली होती.

'मध्यम' म्हणजे किती?

सुरक्षा-दोषांना दहापैकी गुण देण्याची पद्धत आहे. गुण जितके जास्त तितका धोका मोठा. या दोषाला मिळाले ६.८, म्हणजे 'मध्यम'. रोज नवे दोष जाहीर होत असताना संगणक-व्यवस्थापक साहजिकच नऊ-दहा गुणांच्या दोषांकडे आधी धावतो. पावणेसात गुणांचा दोष रांगेत मागे राहतो.

हे गुण अगदीच चुकीचे होते असे नाही. इंटरनेटवरून कोणीही उठून या दोषाचा फायदा घेऊ शकत नव्हता. त्यासाठी हायपरवायझर डोमेनमध्ये सामील असावा लागे आणि डोमेनमध्ये गट तयार करण्याचा अधिकार हल्लेखोराच्या हाती असावा लागे. ज्याला एवढे अधिकार मिळाले त्याने घर आधीच लुटलेले असते, मग या दोषाला वेगळे महत्त्व कशाला, असा युक्तिवाद करता येतो. पण गट तयार करण्याचा अधिकार केवळ सर्वोच्च व्यवस्थापकांनाच असतो असे नव्हे. मोठ्या संस्थांत खाती आणि गट सांभाळण्याचे काम मदत-कक्षातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांकडे सोपवलेले असते. त्यांच्यापैकी एकाचा पासवर्ड हाती लागला तरी सर्व्हरांच्या तळघरापर्यंत वाट मोकळी होऊ शकत होती. शिवाय हायपरवायझरचा कारभार कोणत्याही गटाकडे न सोपवता तो आपण स्वतंत्र ठेवला आहे, असे समजणाऱ्या व्यवस्थापकालाही ही वाट उघडी असल्याची कल्पना नसे. गुणांच्या कोष्टकात या अज्ञानाला रकाना नाही.

व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ पासून ब्रॉडकॉमच्या मालकीची आहे. ब्रॉडकॉमच्या सूचनापत्रातील शब्दही सौम्य होते. डोमेनमधून काढून टाकलेला गट पुन्हा तयार केल्यास हल्लेखोराला प्रवेश मिळू शकतो, असे त्यात म्हटले होते. गट पूर्वी कधी नसला तरी चालते, हे मायक्रोसॉफ्टच्या विवेचनातून अधिक स्पष्ट झाले. 'पुन्हा तयार करणे' आणि 'तयार करणे' यांत एका शब्दाचा फरक आहे. ज्यांच्याकडे हा गट कधीच नव्हता त्यांनी पहिले वाक्य वाचून आपला याच्याशी संबंध नाही असे मानले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, 'सीसा'ने, मात्र गुणांकडे पाहिले नाही. मायक्रोसॉफ्टच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी, तिने हा दोष 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या दोषां'च्या यादीत घातला आणि केंद्र सरकारच्या नागरी खात्यांना २० ऑगस्टपर्यंत उपाय योजण्याचे बंधन घातले.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

ईएसएक्सआय ८.० साठीची दुरुस्ती २५ जून २०२४ रोजी '८.० अपडेट ३' या आवृत्तीतून आली होती. तिने केले काय, तर तीन मूलभूत निवडी बदलल्या. 'ईएसएक्स ॲडमिन्स' गटाला आपोआप अधिकार देणे बंद केले. त्या गटाच्या नावाची जागा कोरी ठेवली. डोमेनकडे जाऊन अधिकारांची फेरतपासणी करण्याचा काळ १,४४० मिनिटांवरून ९० मिनिटांवर आणला. १,४४० मिनिटे म्हणजे पूर्ण एक दिवस. काढून घेतलेला अधिकार चोवीस तास जिवंत राहू शकेल अशी ती मुभा होती. दुरुस्ती इतकी साधी असावी यावरूनच मूळ दोष गणिती गुंतागुंतीचा नव्हता, तो निवडीचा होता, हे कळते.

आधीच्या ७.० आवृत्तीसाठी दुरुस्ती देण्याचा विचार नाही, असे ब्रॉडकॉमने सांगितले. याच तीन निवडी व्यवस्थापकाने स्वतः हाताने बदलाव्यात, एवढाच मार्ग तिच्या वापरकर्त्यांपुढे ठेवण्यात आला. ही आवृत्ती तेव्हा अनेक ठिकाणी वापरात होती आणि कंपनीचा तिला पाठिंबाही होता. दुरुस्ती बसवली की हे बदल तिच्यासोबतच होतात, हाताने करायचा बदल मात्र कोणाला तरी आठवावा लागतो, त्यासाठी वेळ काढावा लागतो, प्रत्येक यंत्रावर जाऊन करावा लागतो. शंभर हायपरवायझर असलेल्या ठिकाणी त्यांतला एक राहून जाणे अशक्य नाही. ७.० चा नियमित पाठिंबा २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या उपायांपैकी एक थोडा गमतीचा वाटेल. डोमेनमध्ये 'ईएसएक्स ॲडमिन्स' हा गट आहे का ते पाहा आणि असल्यास त्याला कडक बंदोबस्तात ठेवा, असे त्यात म्हटले आहे. हल्लेखोराने घ्यायची ती जागा आपणच अडवून ठेवायची, असा याचा व्यवहारी अर्थ. बाकीचे उपाय ओळखीचे आहेत. या नावाचा गट तयार झाला किंवा एखाद्या गटाला हे नाव दिले गेले की तत्काळ इशारा मिळेल अशी व्यवस्था करणे, हायपरवायझरच्या नोंदी त्याच यंत्रावर न ठेवता दुसरीकडे पाठवणे, मोठे अधिकार असलेल्या खात्यांना पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा सक्तीचा करणे.

राखीव प्रतींबाबत विशेष दक्षता लागते. अनेक ठिकाणी डेटाच्या राखीव प्रती घेणारा सर्व्हर हादेखील त्याच हायपरवायझरवरील एक आभासी संगणक असतो आणि त्याच डोमेनच्या खात्याने उघडतो. अशा ठिकाणी मूळ आणि प्रत दोन्ही एकाच तडाख्यात जातात. किमान एक प्रत डोमेनच्या आणि हायपरवायझरच्या बाहेर, हल्लेखोराला नेटवर्कवरून पुसता येणार नाही अशा जागी असणे, यावर त्या संस्थेचे कामकाज चार दिवसांत सुरू होणार की चार महिन्यांत, हे अवलंबून राहते. रुग्णालयात याचा अर्थ हस्तलिखित केसपेपरवर किती दिवस काढायचे, असा होतो.

ब्लॅक बास्टा टोळीचे अंतर्गत संवाद फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले आणि त्यानंतर ती विस्कटली. अकिरा मात्र थांबलेली नाही. जून २०२५ मधील एका हल्ल्यात तिने न्यूटॅनिक्स या दुसऱ्या कंपनीच्या हायपरवायझरवरील आभासी डिस्कही प्रथमच कूटबद्ध केल्या, असे सीसाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्या हल्ल्यात शिरण्याची वाट वेगळी होती, पण लक्ष्य तेच, अनेक संगणक पोटात घेऊन चालणारे एक यंत्र.